मानवी विकासाची तत्त्वे : गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत

‘वाढ’ आणि ‘विकास’ या संज्ञा उत्तरपत्रिकांत सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. वाढ म्हणजे उंची, वजन, अवयवांचा आकार यांत होणारी व मोजता येणारी भर; प्रौढत्वाच्या उंबरठ्यावर ती बहुतांशी थांबते. विकासात भाषा, विचारशक्ती, भावना व सामाजिक संबंध यांतील गुणात्मक बदल येतात, आणि ऱ्हासही त्याचाच भाग असतो. म्हणून विकास गर्भधारणेपासून मृत्यूपर्यंत चालतो.

बाल्यावस्थेतील बदलांना निश्चित दिशा असते. शरीरावरील नियंत्रण डोक्याकडून पायांकडे सरकते : मूल आधी मान सावरते, मग बसते, नंतर चालते. तसेच ते मध्यभागाकडून टोकांकडे जाते. चिमटीत दाणा धरणे हे हात हलवता येऊ लागल्यानंतर पुष्कळ काळाने जमते. क्रम सर्वसाधारणपणे सारखा, गती मात्र व्यक्तिगणिक भिन्न. विद्यार्थ्यांची तयारी बहुधा इथेच थांबते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी १९८७ मध्ये आजीवन विकासाची तत्त्वे एकत्र मांडली. त्यांच्या मते प्रत्येक वयात लाभ व हानी सोबतच असतात. माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग तारुण्यानंतर मंदावत जातो. शब्दसंग्रह व अनुभवजन्य ज्ञान मात्र उतारवयापर्यंत टिकते, वाढतेही. विकास परिस्थितीशी बांधलेला असतो. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत मराठी घरातील मूल वाढत असेल, तर ते घरात मराठी व गल्लीत हिंदी अशा दोन भाषा लहानपणीच आत्मसात करते. त्याच घरात लग्न होऊन आलेली, केवळ मराठी जाणणारी सूनही हिंदी शिकते, पण अधिक सायासाने, आणि बहुधा उच्चारांत मराठीची छटा राखून. वयानुसार कमी होणारी, तरीही न संपणारी ही क्षमता म्हणजे लवचीकता.

आधीच्या अवस्थेचा ठसा पुढील अवस्थेवर किती खोल उमटतो, याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. परंतु नुसते वजन पाहणे दिशाभूल करणारे ठरले असते. पुण्याच्या बाळांचे स्नायू व पोटाचा घेर बराच कमी होता. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून कृश, आतून मेदयुक्त असे हे बाळ. गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी आढळली.

ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा मुलांपैकी सुमारे ३७ टक्के व मुलींपैकी सुमारे १८ टक्के मधुमेहपूर्व अवस्थेत होती. त्यांतील बहुतेकजण स्थूल नव्हते. ज्यांची रक्तशर्करा बालपणीच तुलनेने अधिक होती, त्यांच्यात हा धोका जास्त दिसला. हा सहसंबंध आहे, विधिलिखित नव्हे. परीक्षार्थींनी हा भेद उत्तरात अवश्य नोंदवावा.

धोरणाच्या दृष्टीने प्रश्न असा की हस्तक्षेप कोणत्या वयात करावा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने सहा वर्षांपर्यंतची बालके, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांच्यावर भर दिला, आणि तो योग्यच होता. तथापि गर्भातील अवयव घडू लागतात ते अनेकदा मातेची नोंदणी होण्याआधीच. म्हणून पुण्याच्या संशोधकांनी एक पायरी मागे जाऊन २०१२ मध्ये याच गटातील किशोरवयीन मुलामुलींना जीवनसत्त्व बी-१२ देणारी चाचणी हाती घेतली. १९९० च्या दशकात ज्यांची गर्भात मोजमापे घेतली, त्याच मुली आता पुढील पिढीच्या माता म्हणून अभ्यासात आल्या.