अंगणातली पहिली शाळा

'पोर अजून लहान आहे, त्याला काय कळतंय? सहा वर्षांचं झालं की शाळेत घालू.' आपल्या वस्त्यांत हे वाक्य नेहमी ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण समज चुकीची आहे. मूल पहिलीत जाते तोपर्यंत त्याच्या मेंदूची बरीचशी वाढ होऊन गेलेली असते.

मेंदू कसा वाढतो?

जन्मलेल्या बाळाच्या मेंदूचे वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव हिश्श्याइतके असते. सहाव्या वर्षापर्यंत ते सुमारे नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचते. या काळात मेंदूच्या पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. शेतातून रोज चालले की पायवाट पडते आणि चालणे थांबले की तिथे गवत माजते, तसेच या जोडण्यांचे आहे. बाळ 'आऽ' करते, आई त्याच्याकडे बघून 'काय रे बाळा?' म्हणते, तेव्हा ही वाट पक्की होते. बाळाला कोणी उत्तरच दिले नाही, तर ती पुसट होत जाते.

बोर्डीचा धडा

ही गोष्ट ओळखून काम करणारी माणसे आपल्याच डहाणू तालुक्यात होऊन गेली. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतली मुले गावातल्या बालवाडीत येत नव्हती. मग या बायांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी म्हणून ती 'अंगणवाडी'. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले. धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण घरी राहते, हे पाहून तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. महागडी खेळणी आणली नाहीत. शिंपले, खडे, बिया आणि पाने यांवरच मुले मोजायला, रंग ओळखायला आणि बोलायला शिकली.

१९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. म्हणून अंगणवाडी ही फक्त खाऊ मिळण्याची जागा समजू नका. ती आपल्या अंगणात उभी राहिलेली शाळा आहे.

घरी काय करता येईल?

तलासरीहून पहाटे उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जाणाऱ्या आईला वेळ कुठून मिळणार, हा प्रश्न खरा आहे. पण पुढच्या बहुतेक गोष्टी काम करता करता होतात, आणि त्या बापाने, आजीने, आजोबांनीही करायच्या आहेत.

• आहार : जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही नको. सहा महिने पूर्ण झाले की दुधासोबत नागलीची पेज, मऊ वरणभात, अंडे, पालेभाजी सुरू करावी. लोह कमी पडले तर मूल मलूल होते आणि शिकण्यात मागे पडते. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळणारे लोहाचे औषध सांगितल्याप्रमाणे द्यावे. स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे.

• बोलणे : भाकरी थापताना, आंघोळ घालताना मुलाशी बोला. घरात जी बोली आहे त्याच बोलीत बोला, तिची लाज नको.

• खेळ : डबे, झाकणे, चिंध्यांचा चेंडू पुरेसा आहे. चिकूच्या बिया, चिंचोके, खडे मात्र तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका, ते घशात अडकतात.

• मोबाईल : जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त नको.

• भीती : दारू पिऊन होणारी भांडणे आणि मार यांच्या सततच्या धाकात मूल वाढले, तर त्याचा मेंदू शिकण्याऐवजी स्वतःला वाचवण्यातच गुंततो. घरातली शांतता हे मुलाचे औषध आहे.

केव्हा दाखवून घ्यावे?

सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, दीड वर्षाचे चालत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर 'होईल हळूहळू' म्हणत थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते, त्याची तारीख सेविकाताईंना विचारून ठेवा. वीटभट्टीवर किंवा दुसरीकडे कामाला जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या आणि तिथल्या अंगणवाडीत दाखवा.

वस्तीने काय करावे?

अंगणवाडी रोज भरते का, मुलांचे वजन नोंदले जाते का, खेळ आणि गाणी होतात का, हे आयाबायांनी मिळून विचारावे. तो आपला हक्क आहे. आणि रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास लहानग्यांसाठी ठेवावा. वाचता येणाऱ्या एखाद्या ताईने किंवा दादाने गोष्ट सांगावी, मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. त्याला एक पैसाही लागत नाही. बोर्डीच्या अंगणात तरी शिंपल्या-खड्यांपलीकडे काय होते?