विंचूदंश व घरातील विषारी जीव : शिक्षकांसाठी एक पाठ



केळापूर तालुक्यातील पांढरकवडा व त्याच्या आसपासच्या गावांतील उन्हाळा किती कडक असतो हे आपणांस ठाऊक आहेच. गावातील अनेक घरे आजही मातीची, कुडाच्या भिंतींची व कवेलूंच्या छपरांची आहेत. कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाटीचे भारे सरपणासाठी घराच्या भिंतीलगत रचले जातात. त्यांच्या शेजारी गोवऱ्यांची रास, कडब्याची गंजी आणि दगडांचा ढीग असतो. अशी जागा विंचवास फार मानवते. दिवसा तो या आडोशात दडून राहतो व रात्री झुरळे, रातकिडे इत्यादी भक्ष्याच्या शोधार्थ बाहेर पडतो. त्याच वेळी घरातील माणसे उकाड्यामुळे अंगणात किंवा उघड्या जमिनीवर निजलेली असतात.

विषारी प्राण्यांची नावे मुलांकडून पाठ करून घेणे हे काम आपल्या शाळांतून बरे होते. शाळाभेटीच्या वेळी प्रश्न केला असता मुले नाग, मण्यार, विंचू, गोम अशी नावे भराभर सांगतात. परंतु "रात्री विंचू चावला तर पहिल्या तासात काय कराल?" असे विचारले की वर्गात शांतता पसरते, किंवा चिंचोका, आघाड्याचे मूळ आणि मंत्र यांचा उल्लेख होतो. मुलाचा जीव वाचतो तो या दुसऱ्या प्रश्नाच्या योग्य उत्तराने. म्हणून या पाठाचा भर त्यावरच ठेवला आहे.

१. विंचवाची ओळख

विंचू हा कीटक नव्हे. त्यास आठ पाय असतात व तो कोळ्याच्या वर्गातील प्राणी आहे. त्याच्या पुढच्या दोन नांग्या भक्ष्य पकडण्यासाठी असतात. विषाची नांगी शेपटीच्या टोकाशी असते. विंचू अंडी घालीत नाही, तर जिवंत पिल्लांना जन्म देतो. ही पिल्ले पहिली कात टाकीपर्यंत आईच्या पाठीवर बसून असतात. "विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर" ही आपली म्हण या निरीक्षणाशी अगदी जुळणारी आहे. पिल्ले आईला खाऊन बाहेर पडतात, ही समजूत मात्र खरी नाही. पाठीवरील दाटी पाहून ती रूढ झाली असावी. म्हणीतील निरीक्षण बरोबर व समजूत मात्र चुकीची, हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. पाहणे आणि ऐकून मानणे यांतील भेद मुलांना त्यावरून चांगला कळतो.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारचे विंचू ओळखता आले पाहिजेत. एक मोठा, काळा, जाड नांग्यांचा, ज्यास इंगळी म्हणतात. दुसरा आकाराने लहान, तांबूस वा पिवळसर, बारीक नांग्यांचा व जाड शेपटीचा तांबडा विंचू. दिसण्यात इंगळी भयंकर असली तरी प्राणास धोका आहे तो तांबड्या विंचवापासून. नांग्या बारीक आणि शेपटी जाड, तर विष अधिक, ही खूण मुलांनी ध्यानी ठेवावी. तथापि चावलेला विंचू ओळखण्यासाठी अंधारात त्याचा शोध घेत बसू नये.

२. वेदनेवरून धोका मोजू नये

या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय. विंचू चावला म्हणजे असह्य आग होणार, आणि आग थांबली म्हणजे विष उतरले, असा सार्वत्रिक समज आहे. हा समज घातक आहे.

इंगळीच्या दंशाने तीव्र कळा येतात, पण त्या बहुधा दंशाच्या जागेपुरत्या राहतात व एका दिवसात ओसरतात. तांबड्या विंचवाचे विष शरीरात पसरले असता दंशाच्या जागी वेदना पुष्कळदा थोडीच असते, आणि रोगी इतर लक्षणे दाखवू लागतो. त्यास दरदरून घाम सुटतो, वांती होते, तोंडातून लाळ गळते, हातपाय थंडगार पडतात. मूल अस्वस्थ होते किंवा उलट मलूल होऊन पडते. घरच्यांना वाटते की ओरडणे थांबले, आता उतार पडला. वास्तविक तीच धोक्याची वेळ असते.

असे का होते? या विषामुळे मज्जातंतू सतत उत्तेजित होतात व भीतीच्या प्रसंगी शरीरात जो द्राव थोडा सुटतो तो प्रचंड प्रमाणात सुटू लागतो. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर फार मोठा ताण पडतो. पाण्याची नळी बोटाने दाबून धरली असता पंपावर जसा भार येतो, तसा हा प्रकार आहे. थकलेले हृदय रक्त पुढे ढकलू शकले नाही म्हणजे फुप्फुसांत पाणी साचते, धाप लागते, खोकल्यावाटे फेस येतो. लहान मुलाच्या बाबतीत हे सारे काही तासांत घडू शकते.

३. महाडचे कार्य

या रोगावर आज जो उपचार जगभर मान्य आहे, तो आपल्याच महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी सिद्ध झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगण्यासारखी आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील. त्यांचे वैद्यकीय शिक्षण नागपूर येथे झाले. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यातील महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात विंचूदंशाने मुले व तरुण माणसे दगावत होती आणि खात्रीचा उपाय नव्हता. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली या लक्षणांविषयीचा त्यांचा लेख 'द लॅन्सेट' या विख्यात इंग्रजी वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, या जाणिवेने त्यांनी त्याचा वापर केला व १९८६ साली त्याच पत्रात आपला अनुभव मांडला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात सुमारे तीस दगावत. या औषधाच्या वापरानंतर हे प्रमाण शंभरात एक ते तीनपर्यंत खाली आले. २०११ साली त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. प्राझोसिनच्या जोडीस विंचूदंशावरील प्रतिविष दिले असता रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे त्यातून दिसून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

या हकीकतीतून शिक्षकाने दोन बोध घ्यावेत. पहिला असा की, महत्त्वाचे संशोधन मोठ्या शहरातच होते असे नाही. काळजीपूर्वक निरीक्षण व नियमित नोंद जेथे असेल तेथे ते होते. दुसरा बोध आपल्या कामाचा. उपाय आहे, औषध स्वस्त आहे, पण ते वेळेवर मिळाले तरच उपयोगी पडते. हरवलेले तास कोणतेही औषध परत आणू शकत नाही.

४. मंत्र, चिंचोका आणि गावाचा विश्वास

विंचूदंश झालेल्या पुष्कळ माणसांना विषाची बाधा मुळातच थोडी होते व ती कोणत्याही उपायाविना बरी होतात. तेव्हा मंत्र घातला, चिंचोका चिकटवला किंवा आघाड्याचे मूळ बांधले, तरी त्याच उपायाने गुण आला असे वाटते. जो दगावला त्याचे नशीब म्हणून सोडून दिले जाते. हा हिशेब मुलांपुढे फळ्यावर मांडावा. दहा माणसांपैकी नऊ आपोआप बरी होत असतील, तर काहीही न करणारा मनुष्यही नऊ वेळा यशस्वी ठरेल, हे चौथीच्या मुलासही कळते. येथे दहा व नऊ हे आकडे केवळ उदाहरणादाखल घ्यावेत.

गावातील भगत वा जाणता मनुष्य याचा उपहास मात्र करू नये. संकटाच्या वेळी वाद घालण्यात वेळ जातो आणि पुढच्या वेळी लोक शिक्षकास बोलावीत नाहीत. त्यापेक्षा त्यास सोबत घ्यावे व म्हणावे, "बाबा, मंत्र गाडीत बसून म्हणा, गाडी मात्र आधी निघू द्या." संत एकनाथांचे विंचवावरील भारूड सर्वांना परिचित आहे. त्यातील विंचू कामक्रोधाचा आहे व त्यावरील उतारा सत्त्वगुणाचा आहे. पऱ्हाटीतल्या विंचवास उतारा दवाखान्याचा, एवढा भेद सांगितला की श्रद्धाही दुखावत नाही आणि कामही होते.

५. दंश झाल्यावर

पुढील गोष्टी कराव्यात. दंश झालेल्यास धीर देऊन स्वस्थ बसवावे. वेळ पाहून कागदावर लिहून ठेवावी. जागा साबणाने व पाण्याने धुवावी. हातास दंश असेल तर अंगठी, बांगडी, दोरा काढून टाकावा, कारण सूज आल्यावर ते रुततात. वेदना कमी होण्यासाठी थंड पाण्याची घडी ठेवावी. घाम, वांती, लाळ, थंड हातपाय यांपैकी एकही लक्षण दिसताच क्षणाचाही विलंब लावू नये. मूल लहान असेल तर लक्षणांची वाटही पाहू नये. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा पांढरकवडा येथील उपजिल्हा रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. दवाखान्यात दंशाची वेळ व दिसलेली लक्षणे सांगावीत.

पुढील गोष्टी करू नयेत. जागा ब्लेडने कापू नये, तोंडाने चोखू नये, डागू नये. दोरी आवळून बांधू नये. रॉकेल, चुना, तंबाखू लावू नये. दारू पाजू नये. प्राझोसिन हे औषध वैद्यांनीच द्यावयाचे आहे. शिक्षकाने अथवा घरच्यांनी आपल्या मनाने देऊ नये.

६. इतर जीव

वेदनेविषयी वर जे सांगितले ते मण्यार सापाच्या बाबतीत अधिकच खरे आहे. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो, दंशाची खूण जेमतेम दिसते व दुखतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे व गिळणे कठीण जाते. जमिनीवर निजलेल्या मुलामध्ये अशी लक्षणे दिसली, तर साप पाहिला नसला तरी सर्पदंश समजूनच रुग्णालय गाठावे. सर्पदंशात चावलेला अवयव फळीस बांधून हलू न देता रोग्यास उचलून न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, म्हणून साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. हे प्रतिविष विंचूदंशावर मात्र चालत नाही.

गोम चावली असता आग होते, परंतु जिवास धोका क्वचितच असतो. मधमाश्या व गांधीलमाश्या यांचे अनेक दंश झाल्यास, किंवा एकाच दंशाने चेहरा सुजून श्वास कोंडत असल्यास, त्वरित दवाखाना गाठावा. पाल विषारी नाही, धामण निर्विष आहे व उंदीर खाऊन शेतकऱ्याचे हित करते. जे विषारी नाही त्याचे भय काढणे हाही आपल्या शिक्षणाचा भाग आहे.

७. घर व शाळा

पऱ्हाटी, गोवऱ्या व दगड भिंतीपासून काही हात दूर रचावेत आणि सरपण काढताना हाताऐवजी काठीने आधी हलवावे. भिंतींच्या व उंबरठ्याच्या भेगा लिंपून घ्याव्यात. बाज भिंतीपासून दूर ठेवून मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचावी. अंथरूण व कपडे झटकून घ्यावेत, पायताण उलटे करून आपटावे, रात्री अंगणात बॅटरी घेऊन जावे. विंचू जंबुपार किरणांच्या प्रकाशात हिरवट चमकतो. तशी बॅटरी मिळाल्यास ग्रामपंचायतीने एक ठेवावी. शेतातील कीटकनाशक मात्र घरात कधीही फवारू नये. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले, याचे विस्मरण होऊ देऊ नये.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्याच सुमारास पाऊस सुरू होतो व जमिनीतील जीव कोरड्या जागी येतात. दोन महिने बंद असलेल्या खोल्या, गुंडाळलेल्या बसण्याच्या पट्ट्या, स्वयंपाकाचे सरपण व कपाटामागील जागा मुले येण्यापूर्वी मोठ्या माणसांनी झाडून घ्याव्यात. हे काम मुलांकडून करवून घेऊ नये.

८. पाठाची मांडणी

इयत्ता तिसरी ते पाचवी, तासिका दोन. साहित्य : दोन्ही विंचवांची फळ्यावर काढलेली चित्रे. जिवंत विंचू बाटलीत घालून वर्गात आणू नये. पहिल्या तासिकेस मुलांच्या घरच्या अनुभवांपासून प्रारंभ करावा. कोलामी, गोंडी वा बंजारा भाषा बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेतील विंचवाचे नाव विचारून फळ्यावर लिहावे. त्यायोगे ती मुले बोलू लागतात. दुसऱ्या तासिकेस दंशाचा प्रसंग नाट्यरूपाने करवून घ्यावा : एक दंश झालेला, एक वेळ लिहिणारा, एक निरोप्या. फलकलेखन तीन ओळींचे असावे : लगेच सांगा. वेळ लिहा. दवाखान्यात जा.

स्वाध्याय : आपल्या घरातील विंचू दडू शकेल अशा पाच जागा मोठ्या माणसासोबत दुरून पाहून लिहाव्यात. घराजवळच्या आरोग्य केंद्राचे नाव, अंतर व तेथे जाण्याचे रात्रीचे साधन विचारून वहीत नोंदवावे.

शेवटी एक सूचना. अनेक मुले दंश झाला तरी सांगत नाहीत. नको तेथे हात घातला म्हणून मार बसेल, अशी त्यांना भीती असते. या भीतीने जाणारा एक तास विषाइतकाच घातक आहे. म्हणून पालकसभेत हे स्पष्ट सांगावे, व आपल्या वर्गातही तसेच वागावे की, चावल्याचे सांगणाऱ्या मुलास कोणीही रागावणार नाही. एवढा विश्वास ज्या वर्गात निर्माण झाला, तेथे हा पाठ सफल झाला असे समजावे.