आचऱ्याचे कानविंदे आणि अहमदाबादची ‘अटिरा’

सावंतवाडी, कुडाळ मागे टाकून मालवणकडे निघाले की किनाऱ्यालगत आचरा हे गाव लागते. रामेश्वराचे देवस्थान आणि गावपळण यांमुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. गावपळणीत सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जातो आणि झावळ्यांच्या झोपड्या बांधून तीन दिवस तिथेच राहतो. या आचऱ्यात १९१६ साली अच्युत कानविंदे यांचा जन्म झाला. त्यांची आई ते अगदी लहान असतानाच वारली. वडील कलाशिक्षक व चित्रकार होते. मुलगा १९३५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत वास्तुकला शिकू लागला आणि १९४२ मध्ये पदवीधर झाला.

त्याच वर्षी, म्हणजे १९४२ मध्येच, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. शांतिस्वरूप भटनागर तिचे प्रमुख होते. पुढे देशभर प्रयोगशाळा उभारायच्या होत्या, पण प्रयोगशाळेची इमारत कशी असते हे जाणणारे वास्तुशिल्पी आपल्याकडे फारसे नव्हते. कार्यालय आणि शाळा बांधणे वेगळे, प्रयोगशाळा बांधणे वेगळे. पाणी, गॅस, वीज, दूषित हवा बाहेर टाकण्याची सोय, यंत्रांचे हादरे, हे सारे आधी ठरवून मग भिंती उभ्या कराव्या लागतात. म्हणून सरकारने १९४५ मध्ये कानविंदे यांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाठवले. तिथे वॉल्टर ग्रोपिअस हे त्यांचे गुरू.

ग्रोपिअस यांनी जर्मनीत १९१९ मध्ये ‘बाउहाउस’ ही शाळा काढली होती. इमारत ज्या कामासाठी आहे त्या कामावरून तिचा आकार ठरावा, उगाच कमानी आणि नक्षी नको, असा या शाळेचा आग्रह. नाझी राजवटीच्या दबावाखाली १९३३ मध्ये ती बंद पडली. ग्रोपिअस आधी इंग्लंडला आणि १९३७ मध्ये हार्वर्डला गेले. जर्मनीत बंद पडलेली शाळा अशा रीतीने फिरत फिरत आचऱ्याच्या मुलापर्यंत पोचली, ही मला इतिहासातली मोठी गंमत वाटते.

कानविंदे १९४७ मध्ये परतले. तेव्हा अहमदाबादेत विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने गिरणीमालकांनी एकत्र येऊन संशोधन संस्था काढली होती. तिचे नाव अहमदाबाद टेक्स्टाइल इंडस्ट्रीज रिसर्च असोसिएशन, थोडक्यात ‘अटिरा’. साराभाई तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे आणि पदार्थवैज्ञानिक. सुताशी त्यांचा कामाचा संबंध नव्हता, तरी संस्थेचा भार त्यांच्याकडे आला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या गिरण्यांनी एका प्रयोगशाळेसाठी पैसे काढावेत, हे त्या काळी सोपे नव्हते. इमारतीची पायाभरणी १९५० मध्ये सरदार पटेलांच्या हस्ते आणि उद्घाटन १९५४ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले.

आता इमारतीकडे वळू. लांबट, आडवी, पांढरी, सपाट छपराची. खिडक्यांच्या लांबच लांब पट्ट्या आणि त्यांवर काँक्रीटचे आडवे छज्जे. घुमट नाही, कमान नाही, नक्षी नाही. पहिल्यांदा फोटो पाहणाऱ्याला वाटते, यात काय विशेष? आज अशा इमारती गावोगाव आहेत. पण १९५० च्या आसपास मोठी संस्था म्हणजे घुमट किंवा खांबांच्या रांगा, अशी समजूत होती.

छज्जे तिथे का आहेत, हे गणितानेच पाहू. अहमदाबाद सुमारे २३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चला भरदुपारी सूर्य तिथे दक्षिणेला, क्षितिजापासून ९० वजा २३, म्हणजे ६७ अंशांवर असतो. दक्षिणेच्या भिंतीवर १ मीटर रुंद छज्जा असेल तर त्याची सावली १ गुणिले टॅन ६७, म्हणजे जवळजवळ २.३५ मीटर खाली पोचते. संपूर्ण खिडकी सावलीत. २२ डिसेंबरला मात्र सूर्य साधारण ४३.५ अंशांवर उतरतो आणि सावली जेमतेम ९५ सेंटिमीटर पडते. तेव्हा थंडीतले ऊन आत येते. एकच छज्जा उन्हाळ्यात ऊन अडवतो आणि हिवाळ्यात सोडतो! पश्चिमेला मात्र हा उपाय चालत नाही. संध्याकाळचा सूर्य छज्ज्याखालून सरळ आत शिरतो. तिथे उभे पडदे हवेत, नाहीतर खिडक्याच कमी ठेवाव्या लागतात.

सुताच्या प्रयोगशाळेला हवेचीही काळजी घ्यावी लागते. कापूस हवेतला ओलावा शोषतो आणि ओलाव्याने त्याचे वजन व बळ दोन्ही वाढतात. एकच धागा पावसाळ्यात आणि मे महिन्यात तोडून पाहिला तर उत्तरे वेगळी येतील. म्हणून आपल्यासारख्या उष्ण देशात सुताची तपासणी २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीत करतात. आणखी एक हिशेब. ४० नंबरी सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या ४० लडी, एकूण ३३,६०० यार्ड. वजन ओलाव्याने बदलले की नंबरही चुकणार. रंग आणि कापसाची प्रत पाहायला पूर्वापार उत्तरेकडचा उजेड वापरत, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही. अशा घराची दिशा ठरवणे हेही शास्त्रच आहे.

‘अटिरा’त केवळ धागे तपासले जात नव्हते. कमला चौधरी यांच्या मार्गदर्शनाखाली गिरणी कामगारांच्या कामाचा आणि मनाचाही अभ्यास तिथे झाला. १९८० च्या दशकात अहमदाबादेतल्या अनेक गिरण्या बंद पडल्या आणि हजारो कामगार बेकार झाले. ज्या गिरण्यांसाठी ही प्रयोगशाळा उभी राहिली त्यांतल्या कितीतरी गेल्या, प्रयोगशाळा मात्र राहिली. आता तिथे रस्ते-बंधाऱ्यांत वापरायच्या आणि इतर तांत्रिक कापडांवर काम चालते.

कानविंदे स्वतः पांढऱ्या गुळगुळीत भिंतींवर थांबले नाहीत. गिलावा आपल्या ऊनपावसात लवकर काळवंडतो. कानपूरच्या आयआयटीत त्यांनी उघडी वीट आणि उघडे काँक्रीट वापरले आणि इमारती सावलीच्या वाटांनी जोडल्या. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्रही त्यांचेच. सहलीला गेलात तर आतली यंत्रे पाहण्याआधी क्षणभर बाहेर थांबून इमारत पाहा. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि डिसेंबर २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्याकडची जुनी घरे चिऱ्यांची, कौलारू आणि खोल वळचणीची. ती वळचण मुख्यतः पावसासाठी, पण ऊनही अडवतेच. सर्वण साधारण १५.६ अंशांवर आहे. २१ मार्चला दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमारास (आपल्याकडे सूर्य साडेबारानंतरच माथ्याच्या रेषेवर येतो) घराच्या दक्षिणेकडच्या वळचणीची सावली भिंतीवर किती खाली पडते ते टेपने मोजा. वळचण भिंतीपासून किती पुढे आली आहे तेही मोजा. सावलीचे माप तिच्या कडेपासून खाली घ्या, त्याला वळचणीच्या रुंदीने भागा आणि उत्तर टॅन ७४.४, म्हणजे सुमारे ३.५८, याच्याशी ताडून पाहा. सावली जमिनीवर पोचत असेल तर पत्र्याची पट्टी भिंतीवर आडवी धरून लहान छज्ज्यावर हाच प्रयोग करा. वहीत आकृती काढून गणिताच्या तासाला आणा.