डाळिंबाला गांडूळखत : कशासाठी, किती व कोठे?



आपल्यापैकी बऱ्याच जणांची उसाशेजारी, माळाच्या हलक्या रानात डाळिंबाची बाग आहे. बागेसाठी गांडूळखताच्या गोण्या विकत येतात आणि उसाचे पाचट मात्र बांधावर पेटते. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

प्रथम हिशेब पाहू. चांगल्या गांडूळखतात नत्र शेकडा दीडच्या आसपास असते. म्हणजे एक टन खतात 15 किलो. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत ते 20 किलो 700 ग्रॅम असते. नुसत्या नत्रासाठी गांडूळखत विकत घेणे परवडणार नाही. त्याचे खरे काम वेगळे आहे. त्याने माती रवाळ होते, ओल धरते व उपयोगी जिवाणू वाढतात. मुरमाड रानात पाणी आणि खत दोन्ही खाली निघून जातात, तेथे याचीच गरज असते.

घरी करण्याची रीत : सावलीत तीन फूट रुंद, दोन फूट उंच व सोयीप्रमाणे लांब गादी करावी. तळाला पाचटाचे तुकडे, वर अर्धवट कुजलेले शेण व निवलेली मळी यांचे थर द्यावेत. ताज्या शेणाने वा गरम मळीने गांडुळे मरतात. गादीत हात घालून पाहावा. गरम लागत नसेल तरच गांडुळे सोडावीत. वर ओले गोणपाट टाकावे. ओल राहावी, पण पाणी साचू नये. मुंग्या व कोंबड्या सांभाळाव्यात. दोन-तीन महिन्यांत चहाच्या पावडरीसारखे खत होते. काढण्यापूर्वी चार-पाच दिवस पाणी बंद ठेवावे, म्हणजे गांडुळे खाली जातात.

बागेत : बहार धरताना मोठ्या झाडाला शेणखतासोबत दोन-तीन किलो द्यावे. बुंध्याशी ढीग नको. ड्रिपरखाली, जेथे पांढरी मुळी चालते, तेथे मातीत मिसळून वर पाचट झाकावे.

दोन गैरसमज टाळा. विकतची आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळे शेणखतात जगणारी आहेत, रानात सोडून टिकत नाहीत. रानातली गांडुळे ओल आणि आच्छादन असले की आपोआप वाढतात. दुसरे, गांडूळखताने तेल्या जातो असे कोणी सांगितले तर त्यावर पैसे घालू नका.

एकरी तीन-चार टन पाचट निघते. खोडव्यात आच्छादन करून उरेल ते गादीला लावा. काडी मात्र लावू नका.

— ऊस विकास अधिकारी