पॉवर स्टेअरिंग जड झालंय? ऑईल ओतण्याआधी हे तपासा

व्हिडिओत बोनेट उघडून जे दाखवलं, ते इथे लिहून देतो. म्हणजे गाडीजवळ उभं राहून वाचता येईल.

ज्यांचा धंदाच जुन्या गाडीवर चालतो, ते बऱ्याचदा एकच गोष्ट करतात. स्टेअरिंग जड झालं, घूं घूं आवाज आला, की ऑईलची बाटली आणून ओततात. चार दिवस बरं चालतं, मग परत तेच. आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: पॉवर स्टेअरिंगचं ऑईल पेट्रोल-डिझेलसारखं जळत नाही. ते पंपातून रॅककडे जातं आणि फिरून परत डब्यात येतं. लेव्हल कमी झाली याचा अर्थ ते कुठून तरी गळतंय. तेवढ्यावर गाडी रेटत राहिलात तर पंप हवा ओढतो, आतून घासतो आणि काही शेकड्यांचं काम काही हजारांवर जातं.

आधी गाडीत ऑईल आहे का ते बघा. बोलेरो, जुनी इनोव्हा यांच्यात हायड्रॉलिक सिस्टिम असते. स्विफ्ट, वॅगनआरमध्ये इलेक्ट्रिक मोटर असते, तिथे ऑईलचा डबाच नाही. अशा गाडीत दिवा लागला आणि स्टेअरिंग जड झालं तर बॅटरी, फ्यूज बघा आणि पुढचं स्कॅनरवाल्याकडे सोपवा. आणि हो, सगळ्यात आधी पुढच्या टायरमधली हवा. हसू नका, निम्मं जडपण तिथेच निघतं असं कितीदा तरी बघितलंय.

आता गळती. डबा, होज, पंप फडक्याने स्वच्छ पुसा. रात्री इंजिनखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा आणि त्याच्या सरळ वर हात फिरवा. डब्याला जोडलेला परतीचा रबरी होज क्लॅम्पपाशी ओला असेल तर नशीब चांगलं. हे काम घरी होतं: तडकलेलं टोक कापा (लांबी पुरत असेल तर), नवा क्लॅम्प लावा. होज बदलायचा झाला तर ऑईलला चालणाराच घ्या, पाण्याचा पाईप नको. पण पंपातून निघणारा, टोकाला धातूने दाबलेला प्रेशर होज ओला असेल तर क्लॅम्पचा जुगाड करू नका. तिथे दाब प्रचंड असतो. ऑईल गरम सायलेन्सरवर उडालं तर आग लागू शकते. रॅकच्या बुटात ऑईल साचलं असेल तरीही गॅरेजच गाठा.

फक्त वळवताना चीं चीं आवाज येतो? मग बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालाय. इंजिन बंद, किल्ली काढलेली, मगच हात घाला.

ऑईल कोणतं? मॅन्युअलमध्ये किंवा डब्याच्या झाकणावर लिहिलेलंच. बऱ्याच जुन्या गाड्यांना लाल एटीएफ चालतं, सगळ्यांना नाही. ब्रेक ऑईल इथे ओतू नका, सील फुगतात. आणि हे ऑईल चुकूनही ब्रेकच्या डबीत जाऊ देऊ नका, तिथले रबर खराब होऊन ब्रेकच जाऊ शकतो. दोन डब्या शेजारी असतात, घाईत गडबड होते.

गळती थांबली की हवा काढायची, आणि हे काम बरेच जण गाळतात. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना ठोकळे. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा. दुसऱ्याला डब्याकडे लक्ष ठेवायला सांगा: बुडबुडे येतील, लेव्हल उतरेल, भरत राहा. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू करून पुन्हा तसंच फिरवा. फुल लॉकला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, पंप तापतो. ऑईल फेसाळ, दुधी दिसलं तर अजून हवा आहे. इंजिन बंद करा, अर्धा तास थांबा, परत करा.

एवढं करूनही पंप ओरडत असेल, किंवा स्टेअरिंग हलवूनही चाक उशिरा वळत असेल, तर त्या दिवशी भाडं घेऊ नका. गाडी मेकॅनिककडे न्या आणि होज, क्लॅम्प, ऑईल यातलं काय काय केलंत ते त्याला सांगा. तेच काम पुन्हा बिलात धरलं जाणार नाही.