केळ्यावरची जकात

प्रथम एक कोडे. ज्या देशात केळी जवळजवळ पिकतच नाहीत, त्या देशाने बाहेरून येणाऱ्या केळ्यांवर जकात बसवावी आणि तीही उन्हाळ्यात कमी, हिवाळ्यात जास्त, हे कसे? परदेशी मालावर कर बसवितात तो बहुधा आपल्या उत्पादकाला संरक्षण मिळावे म्हणून, असे तुम्ही अर्थशास्त्राच्या धड्यात वाचले असेल. मग केळीच्या बागाच नाहीत तेथे संरक्षण द्यायचे कोणाला? हा देश म्हणजे जपान. या कोड्याचा उलगडा करता करता भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि अंकगणित या तिन्ही विषयांशी आपली गाठ पडणार आहे.

केळी जपानात येतात किती?

जपानात दरवर्षी सुमारे १० लाख टन ताजी केळी आयात होतात. आकडा मोठा वाटतो. त्याला माणशी वाटून पाहू. १० लाख टन म्हणजे १०० कोटी किलो. जपानची लोकसंख्या सुमारे १२ कोटी ४० लाख. भागाकार केला तर माणशी वर्षाला ८ किलो येतात. सालीसकट एक केळे १५० ग्रॅमचे धरले, तर ही झाली त्रेपन्न केळी. म्हणजे लहानथोर धरून प्रत्येक जपानी माणूस आठवड्याला साधारण एक केळे खातो. देशातली स्वतःची केळी म्हणाल, तर ओकिनावा आणि कागोशिमाची दक्षिणेकडील बेटे येथे थोडीशी होतात. एकूण खपाच्या मानाने ती नगण्यच.

नेहमीच असे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानात केळी येऊ लागली ती मुख्यतः तैवानमधून. तैवान तेव्हा, म्हणजे १८९५ पासून १९४५ पर्यंत, जपानच्या ताब्यात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर परकीय चलनाची टंचाई होती. त्यामुळे केळ्यांच्या आयातीवर सरकारी बंधने होती आणि केळे हे चैनीचे फळ होऊन बसले. आजारी माणसाला भेटायला जाताना किंवा शाळेच्या सहलीला घरोघर केळी घ्यायची, असे ते दिवस. १९६३ मध्ये ही बंधने उठली आणि आयात झपाट्याने वाढली.

त्याच दशकाच्या अखेरीस फिलिपीन्सच्या मिंदानाव बेटावर, दवाव शहराच्या परिसरात, मुख्यतः जपानच्या बाजारासाठी म्हणून केळीचे विस्तीर्ण मळे उभे राहिले. १९७० नंतरच्या काही वर्षांतच फिलिपीन्सने तैवानला मागे टाकले. आजही जपानात येणाऱ्या चार केळ्यांपैकी साधारण तीन फिलिपीन्सची असतात. त्याखालोखाल इक्वेडोरचा क्रमांक लागतो. आणि मेक्सिको, ग्वाटेमाला, व्हिएतनाम यांसारखे देश उरलेला वाटा उचलतात.

दवावच का?

नकाशा उघडा. दवाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे ७ अंशांवर आहे. केळीला बारा महिने ऊब आणि पाणी लागते. तेथे दोन्ही आहे. शिवाय फिलिपीन्सच्या उत्तर भागाला दरवर्षी झोडपणारी चक्रीवादळे इतक्या दक्षिणेकडे सहसा उतरत नाहीत. केळीचे खोड हे खरे लाकडी खोड नव्हे. पानांचे देठ एकावर एक गुंडाळून झालेला तो खांब असतो. जोराचा वारा आला की घडासकट आडवा होतो. तेव्हा वादळाच्या वाटेबाहेरची जमीन ही केळीच्या मळ्याला मोठीच देणगी.

आणि तिसरे कारण अंतराचे. दवावहून निघालेले जहाज साधारण आठवडाभरात जपानच्या बंदराला लागते. इक्वेडोरहून सारा पॅसिफिक महासागर ओलांडून येणाऱ्या जहाजाला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात.

हिरवेच का आणतात?

जपानच्या वनस्पती-संरक्षण नियमांनुसार केळी हिरवी, कच्ची असतील तरच देशात येऊ शकतात. पिकलेल्या फळात फळमाशी अंडी घालते आणि अशी माशी देशात शिरली तर तेथील फळबागांना धोका. हिरव्या केळ्यात तिचा निभाव लागत नाही.

सुदैवाने केळ्याचा स्वभावही या नियमाला सोयीचाच आहे. केळे झाडावरून काढल्यावर पिकते. पिकताना ते एथिलीन नावाचा वायू सोडते आणि तो वायू शेजारच्या केळ्यालाही पिकायला लावतो. आपल्याकडे कच्ची फळे पेंढ्यात दाबून अढी लावतात, तिचे मर्म हेच: ऊब राहते आणि एथिलीन आतल्या आत कोंडला जातो. कच्च्या केळ्यातील स्टार्चचे त्यामुळे साखरेत रूपांतर होते, सालीतले हरितद्रव्य नाहीसे होते आणि पिवळा रंग दिसू लागतो.

म्हणून जहाजावर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कोठीचे तपमान सुमारे १३ ते १४ अंश सेल्सिअस ठेवावे लागते. त्याहून बरेच वर गेले तर केळी वाटेतच पिकू लागतात आणि खाली गेले तर थंडी बाधून साल काळपट पडते व पुढे फळ नीट पिकतच नाही. दुसरे म्हणजे साठलेला एथिलीन बाहेर काढण्यासाठी हवा खेळती ठेवायची. बंदरावर उतरल्यावर केळी पिकविण्याच्या बंद खोल्यांत जातात. तेथे मोजून एथिलीन सोडतात, तपमान हळूहळू उतरवीत नेतात, आणि चार-सहा दिवसांत ती पिवळी होऊन दुकानाकडे निघतात.

आता जकातीकडे

जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांसाठी जपानचा केळ्यांवरील दर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात २० टक्के आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात २५ टक्के आहे. विकसनशील देशांना सवलत म्हणून हेच दर अनुक्रमे १० व २० टक्के. फिलिपीन्सशी जपानचा वेगळा आर्थिक भागीदारीचा करार आहे. त्यावर २००६ मध्ये सह्या झाल्या आणि २००८ च्या डिसेंबरात तो अमलात आला. त्यानुसार दर हळूहळू उतरून उन्हाळ्यात ८ आणि हिवाळ्यात १८ टक्के झाले. लहान जातीच्या केळ्यांवरील कर मात्र दहा वर्षांत पूर्ण काढावयाचे ठरले.

इतरांचे करार निराळे. मेक्सिकोशी २००५ मध्ये अमलात आलेल्या करारात वर्षाला २०,००० टनांपर्यंतची केळी जकातीशिवाय आणण्याची मुभा मिळाली. व्हिएतनाम पॅसिफिक भागीदारीच्या मोठ्या करारात आहे. त्यानुसार केळ्यांवरील जकात टप्प्याटप्प्याने उतरत अकराव्या वर्षी शून्य व्हावयाची आहे. अत्यल्प विकसित देशांना तर ती माफच आहे. फळ तेच, बंदर तेच. पण खोक्यावर कोणत्या देशाचे नाव आहे त्यावर कर ठरतो.

आता आरंभीच्या कोड्याकडे वळू. ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत जपानच्या बाजारात काय येते? आओमोरीकडची सफरचंदे आणि वाकायामा, एहिमे येथली मिकान, म्हणजे सोलायला सोपी अशी लहान संत्री. घरातली आई बाजारात जाते तेव्हा तिच्या हातात फळांसाठी ठरावीक पैसे असतात. केळी फार स्वस्त मिळाली तर सफरचंद आणि मिकान तिच्या पिशवीत कमी पडतील. म्हणजे ही जकात केळीच्या बागाईतदारासाठी नाहीच. ती आहे सफरचंद आणि संत्र्याच्या बागाईतदारासाठी! एका वस्तूच्या जागी दुसरी चालू शकते, तेव्हा पहिलीवरील कराने दुसरीला आधार मिळतो. अर्थशास्त्रात अशा वस्तूंना पर्यायी वस्तू म्हणतात.

थोडे गणित

जपानात जकात आकारतात ती मालाची किंमत, जहाजाचे भाडे आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर. याचा परिणाम काय होतो पाहा. खालील आकडे गणिताच्या सोयीसाठी घेतलेले आहेत. बाजारभाव म्हणून ते धरू नका.

समजा, एक किलो केळ्यांची किंमत निर्यातीच्या बंदरात ८० येन आहे. दवावहून भाडे व विमा २० येन, बेरीज १००. उन्हाळ्यात ८ टक्के जकात ८ येन, एकूण १०८. हिवाळ्यात १८ टक्के, एकूण ११८.

आता एक लांबचा देश घ्या. किंमत तीच ८०, पण भाडे व विमा ४०, बेरीज १२०. विकसनशील देशाचा दर लावला तर उन्हाळ्यात १० टक्क्यांनी १२ येन, एकूण १३२. हिवाळ्यात २० टक्क्यांनी २४ येन, एकूण १४४. भाड्यात फरक होता फक्त २० येनांचा. पण भाड्यावरही जकात लागल्यामुळे आणि दर जास्त असल्यामुळे तो उन्हाळ्यात २४ आणि हिवाळ्यात २६ येनांवर गेला.

याच लांबच्या देशाला जकात माफ झाली तर? त्याची केळी वर्षभर १२० येनांना पडतील. उन्हाळ्यात दवावची १०८. अजून १२ येनांचा फरक आहे. पण हिवाळ्यात ११८ विरुद्ध १२०, म्हणजे फरक अवघा २ येनांचा. महासागराची सारी लांबी कराच्या एका ओळीने जवळजवळ पुसली गेली! फिलिपीन्सने आपल्या केळ्यांवरील जकात कमी करण्याची मागणी जपानकडे वारंवार का केली, ते आता तुमच्या ध्यानात येईल.

शिवाय याच्यावर उपभोग कर आहे. खाद्यपदार्थांसाठी तो ८ टक्के असून जकात मिळविल्यानंतरच्या रकमेवर लागतो. हिवाळ्यातले ११८ येन त्यामुळे १२७.४४ होतात. यात जकातीवरही कर लागला, हे विसरू नका.

हे पैसे देते कोण?

कागदोपत्री जकात भरतो तो जपानी आयातदार. पण तो ते पैसे गिऱ्हाइकाकडून वसूल करू शकेलच असे नाही. केळे महाग झाले की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते, म्हणून जपानी दुकानदार केळी स्वस्त ठेवण्यासाठी धडपडतात. मग जकातीचा काही भार मागे सरकतो: आयातदाराकडून निर्यातदाराकडे आणि तेथून मळ्याकडे. फिलिपीन्समध्ये १९८८ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर बऱ्याच मळ्यांची जमीन मजुरांना व त्यांच्या सहकारी संस्थांना मिळाली. पण माल कंपन्यांना करारातल्या दराने द्यावयाचा असतो. खत, खोकी, इंधन महागले आणि दर तेच राहिले, तर तूट त्यांच्याच पदरात पडते. २०२२ च्या जूनमध्ये जपानमधील फिलिपीन्सच्या राजदूतांनी तेथील दुकानदारांना जाहीर आवाहन केले, की केळ्यांची किंमत वाढवा. विक्रेत्या देशाने परक्या देशातल्या दुकानदाराला असे सांगावे, ही गोष्ट विरळाच.

येथे जपानी आईची पिशवी, आओमोरीचा बागाईतदार आणि दवावचा मजूर असे तिघे समोरासमोर आहेत. जकात पूर्ण काढली तर तिसऱ्याला दिलासा मिळेल, पण दुसऱ्याला चिंता वाटेल. तिघांचेही एकाच वेळी समाधान करील असा दर शोधणे सोपे नाही. म्हणूनच अशा करारांची बोलणी वर्षानुवर्षे चालतात.

एकाच टोपलीतला धोका

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. २०१२ च्या डिसेंबरात ‘बोफा’ हे प्रचंड चक्रीवादळ नेहमीची वाट सोडून मिंदानाववर आदळले. शेकडो माणसे दगावली आणि केळीचे मळेच्या मळे भुईसपाट झाले. दुसरे संकट मातीतले आहे. जगाच्या बाजारातली बहुतेक केळी कॅव्हेंडिश या एकाच गटातली. ती बियांपासून नव्हे, तर कंदाला फुटणाऱ्या मुनव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने वाढवितात. म्हणजे सारी एकमेकींच्या प्रती. पनामा रोगाच्या बुरशीचा नवा प्रकार या गटाला मारतो आणि तो मिंदानावमध्येही पसरला आहे. एकाच प्रदेशावर आणि एकाच वाणावर अवलंबून राहण्याचा हा धोका आहे. तेव्हा आयात करणाऱ्या देशाला थोडे जास्त भाडे देऊनही दुसरे पुरवठादार हाताशी ठेवावे लागतात.

रावेर-यावलच्या बागांतून निघालेला केळ्यांचा ट्रक तुम्ही पाहिला असेल. त्या घडांची किंमतही अंतर, ऋतू, पिकविण्याची सोय आणि कर यांच्याच हिशेबाने ठरते. पुढच्या वेळी केळे सोलण्याआधी क्षणभर हा हिशेब आठवा.

करून पाहा

१. दोन हिरवी केळी घ्या. एक पिकलेल्या सफरचंदाबरोबर कागदी पिशवीत बंद करा, दुसरे उघड्यावर ठेवा. कोणते आधी पिकते आणि का, ते वहीत लिहा.

२. वरील उदाहरणात जकात माफ असलेल्या लांबच्या देशाचे भाडे व विमा किती येन असते, तर हिवाळ्यात त्याची केळी दवावच्या केळ्यांच्या बरोबरीने पडली असती? (उत्तर : ३८ येन.)

३. आपल्या गावच्या फळबाजारात एखाद्या व्यापाऱ्याला विचारा : केळी कोठून येतात, कच्ची येतात की पिकलेली, आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यांत त्यांचा भाव उतरतो? त्या महिन्यांत बाजारात आणखी कोणती फळे असतात, तेही पाहा.