हेड खोलण्याआधी

‘गॅस्केट गेलंय, साहेब. हेड खोलावं लागेल.’

पुण्यातल्या एका चकचकीत वर्कशॉपमधल्या सल्लागाराने हे निदान केलं, तेव्हा त्याने कुलंटच्या टाकीचं टोपण फिरवण्यापलीकडे काहीही केलेलं नव्हतं. आत कॉफीच्या रंगाचा घट्ट, बुळबुळीत गाळ होता. तो बघितला आणि गडी जॉबकार्ड भरायला बसला. ऑइलची डिपस्टिक त्याने बाहेरसुद्धा काढली नाही. प्रस्तुत लेखक बाकी सगळं विसरेल, हे विसरणार नाही.

गाडी डिझेल हॅचबॅक. पसरणी घाट चढताना लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, निवेपर्यंत टोपणाला हात लावला नाही आणि टो करून पुण्याला आणली. म्हणजे मालकाने करायचं ते सगळं रीतसर झालं होतं. पुढे वर्कशॉपच्या तोंडी ‘तुम्ही गरम गाडी दामटलीत’ असा सूर आला, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

हेड उतरलं, लेथवर फेसिंग झालं, नवं गॅस्केट बसलं, बिल पाच आकडी झालं. थोड्याच दिवसांत टाकीत पुन्हा तोच गाळ. ‘आतला जुना राहिला असेल, निघेल हळूहळू,’ असं उत्तर मिळालं. मग सिस्टिम फ्लश का केली नाही, या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

शेवटी गाडी नाना पेठेजवळच्या एका जुन्या गॅरेजात गेली. तिथल्या वयस्कर मेकॅनिकने आधी डिपस्टिक काढली, फडक्यावर पुसली, पुन्हा बुडवून उजेडात धरली. ऑइल डिझेल गाडीचं असतं तसं काळं, स्वच्छ. दुधाळपणाचा मागमूस नाही. मग त्यांनी गॅसवरच्या तापल्या पत्र्यावर त्यातला एक थेंब टाकला. ऑइलमध्ये पाणी असेल तर थेंब तडतडतो. हा नुसताच पसरला. ‘तेल पाण्यात गेलंय, पाणी तेलात आलेलं नाही,’ ते म्हणाले. ‘मग आधी कूलर काढायचा ना! हेड कोणी खोललं?’

त्या ‘कोणी’त सगळं आलं.

त्यांच्या म्हणण्यामागचं गणित सोपं आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांत ऑइल फिल्टरपाशी एक छोटा ऑइल कूलर असतो. त्यात पातळ पत्र्याच्या एका बाजूने ऑइल आणि दुसऱ्या बाजूने कुलंट वाहतं. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब साधारण दोन ते पाच बार असतो, तर कुलंटचा दाब टोपणाच्या झडपेमुळे एक बारच्या आसपास थांबतो. पत्र्याला बारीक चीर गेली किंवा आतलं सील गेलं, की जास्त दाबाचं ऑइल कुलंटमध्ये घुसतं. ऑइलचा थर रेडिएटरच्या नळ्यांना आतून बसतो, उष्णता बाहेर पडत नाही आणि गाडी घाटात तापते. गॅस्केटमधूनही ऑइल कुलंटमध्ये जाऊ शकतं, हे खरं. पण कूलर चार-सहा बोल्टांवर निघतो आणि हेड उतरवायला टायमिंगपासून सगळं खोलावं लागतं. आधी काय तपासायचं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

कूलर निघाला. ऑइलचं एक भोक बंद करून तो बादलीत बुडवला आणि दुसऱ्यातून हवा भरली. कुलंटच्या भोकातून बुडबुड्यांची बारीक, सरळ माळ वर आली. ज्यासाठी हेड उतरवलं, लेथवर नेलं, ते दुखणं इथे बादलीत दिसत होतं! आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप.

वर्कशॉपकडे जुनं गॅस्केट मागितलं, तर ते ‘भंगारात गेलं’. ते कुठे जळलं किंवा फाटलं होतं याचा फोटो? नाही. हेड किती वाकडं होतं याचं माप? तेही नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून मिलिमीटरच्या शतांशात हे माप घेतात. ते न घेताच फेसिंग केलं असेल, तर चांगल्या हेडवरचा धातू फुकट घासला गेला.

आता ज्यांची गाडी तापते आहे त्यांच्यासाठी. गॅस्केट खरंच गेलं असेल तर बहुधा इतर खुणा दिसतात: गरम इंजिनातूनही येणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, थंड गाडी सुरू करताच दगडासारखा कडक होणारा वरचा होज, टाकीत सतत बुडबुडे. शंका असेल तर टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या. ज्वलनाचा वायू आला की त्याचा रंग बदलतो. कॉम्प्रेशनही मोजायला लावा. कागदावर आकडे आल्याशिवाय हेडला हात लावू देऊ नका.

ऑइलच्या झाकणाखाली पावसाळ्यात, जवळजवळच्या फेऱ्यांमुळे पांढरट साय धरते. ती बहुतेकदा नुसती वाफ असते. तेवढ्यावरून कोणी घाबरवलं तर घाबरू नका.

ऑटोमॅटिक गाडीत टाकीतला गाळ गुलाबी असेल, तर इंजिनाआधी गिअरबॉक्सच्या ऑइलचा कूलर बघा. अनेक गाड्यांत तो रेडिएटरच्या पोटातच असतो. कूलर बदलल्यावर थर्मोस्टॅट काढून, डिटर्जंट घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत फ्लश करावं लागतं. हे कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच टाळलं जातं. होजही बदला. त्यांचं रबर पाणी सोसतं, तेल नाही. फुगून मऊ पडतं आणि पुढच्या घाटात फुटतं. बाकी कुलंट वेळेवर बदला, पातळी बघत जा वगैरे सगळ्यांना माहीतच असतं.

जॉबकार्डवर ‘जुने सुटे भाग परत द्यावेत’ हे गाडी सोडतानाच लिहून घ्या. नंतर मागितलं की भंगार आडवं येतं. दुसऱ्या मेकॅनिकचं मत लेखी, तारखेसह घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. प्रस्तुत लेखकाची तक्रार तयार आहे. सोबत बादलीतल्या बुडबुड्यांचा व्हिडिओ जोडला आहे. वर्कशॉपने दरम्यान फोन करून पुढच्या सर्व्हिसिंगला लेबरमध्ये दहा टक्के सूट देऊ केली.